वैशाखाची चौकट

“मग गेलं कोण?” खेमाबाबांनी विचारलं.

केतकीला प्रश्न कळला नाही. सलग आठ दिवस पहाटे उठून आठही दिवस हात हलवत परत आलेल्या माणसाला असले प्रश्न कळत नाहीत.

“कोण म्हणजे? तुम्हीच गेलात की बाबा. रोज तुम्हीच तर जाता.”

“हं...”

बाबांनी चुलीत काटकी सरकवली. दारापर्यंत धुकं आलं होतं. समोरचा डोंगर होता की नव्हता, सांगता येत नव्हतं.

युक्ती मुळात बाबांचीच. पाणवठ्याशेजारी कारवीच्या काठ्यांचं एक लपण होतं, माणूस जेमतेम मांडी घालून बसेल एवढं. तिथं दोघांनी मिळून जायचं. जरा वेळानं एकानं उठून, काठी आपटत, खाकरत वाटेला लागायचं. झाडीतल्या जनावराला दिसतं ते एवढंच, की माणसं आली आणि माणसं गेली. किती आली, किती गेली हे काही त्याला मोजता येत नाही. मग ते निवांत पाण्यावर येतं, आणि आत राहिलेल्याला हवं ते मिळतं.

जाणाऱ्याला मात्र नियम होता. मागं वळून बघायचं नाही, आणि घरचाच विचार करत जायचं. तोंडाला खोटं बोलता येतं, पाठीला येत नाही, असं बाबा म्हणत. म्हणून ते रोज खरंच जात. शेळीच्या दुखऱ्या पायाचा विचार करत, नाहीतर संपलेल्या मिठाचा.

खेमा केंगल्यांनी चाळीस वर्षं वनखात्यात मजुरी केली. उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसून जनावरं मोजायची, हे त्यांचं काम. कॅमेरा त्यांनी कधी हातात धरला नव्हता. तरी लांबलांबून कॅमेरेवाले त्यांच्या झापाची, रानातल्या झोपडीची, वाट विचारत घाटमाथ्यावर येत. बसायला शिकायला.

केतकी आली ती मागच्या ज्येष्ठात. कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून. वडिलांकडून तिनं एक वर्ष मागून घेतलं होतं, आणि त्या वर्षात घाटमाथ्याचे बारा महिने बारा छायाचित्रांत बसवून दाखवते, असं सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

सांगताना आवाज मोठा होता. आतून ती भित्री होती. वाळकं पान पडलं तरी दचकायची. एकदा शीळ घालणारा कस्तूर पक्षी कानाशी वाजला, तेव्हा तिच्या हातातला चहा बाबांच्या धोतरावर सांडला होता.

“मुंगी चावली,” ती म्हणाली होती.

त्यानंतर प्रत्येक वेळी तेच. भेकर ओरडलं, मुंगी. फांदी मोडली, मुंगी.

“या रानात मुंग्या लई,” बाबा म्हणायचे.

तरीही वर्ष साधत गेलं. आषाढात भिजून अर्धं झालेलं शेकरू मिळालं. भाद्रपदात सगळं पठार सोनकीच्या फुलांनी पिवळं झालं आणि त्यात पाठमोरी उभी असलेली एक गाय. पौषात दरीभर साचलेले ढग, त्यांतून वर आलेला एकच सुळका, बेटासारखा. फाल्गुनात पांगाऱ्यावरची पाखरांची भांडणं.

प्रत्येक छायाचित्र ती बाबांना दाखवायला आणायची. बाबा ते हातभर लांब धरून बघायचे.

“चांगलं हाय,” म्हणायचे. आणि मग विचारायचे, “यात तू कुठं व्हतीस?”

“साठ फुटांवर. चारशेची लेन्स होती. वारा समोरून.”

“हं...” आणि ते छायाचित्र परत द्यायचे.

अकरा वेळा असंच झालं होतं.

बारावा महिना वैशाख, आणि बारावं छायाचित्र पिसोरीचं. पिसोरी म्हणजे सशाहून थोडंच मोठं हरीण, अंगावर पांढरे पट्टे, आणि लाजरं इतकं की गावातल्या निम्म्या लोकांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. नाशिकच्या हॉलमध्ये प्रदर्शनासाठी अकरा चौकटी टांगून झाल्या होत्या. बाराव्या चौकटीसाठी खिळा ठोकला होता. निमंत्रणपत्रिकेवर तर केतकीनं आधीच छापून घेतलं होतं: वैशाख, पिसोरी.

बाबांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. “तिला धाडली का पत्रिका?”

आता उद्या दुपारची एसटी धरायची होती. पाणवठ्याच्या कुंडात ओंजळभर पाणी उरलं होतं. ते आटलं की पिसोरी खाली दरीत उतरणार. म्हणजे उद्याची एकच सकाळ. ती गेली, की रिकाम्या चौकटीखाली उभं राहून लोकांना काय सांगायचं, आणि वडिलांना काय सांगायचं, याचा विचार केतकी आठ रात्री करत होती.

“तिला मोजता येत असणार,” ती म्हणाली. “दोघं आले, एकच गेला, हे तिला कळतं.”

“मोजायचं काम माझं व्हतं पोरी. तिला कशाला लावतीस?”

“मग येत का नाही ती?”

बाबांनी चुलीतला विस्तव पुढं ओढला.

“उद्या मी बसतो,” ते म्हणाले. “तू जा.”

केतकीला आधी वाटलं, थट्टा आहे. मग तिला रडू आल्यासारखं झालं. तिनं बजावून सांगितलं, की कॅमेरा तिचा, वर्ष तिचं. उद्या जे मिळेल ते बाबांनी टिपलेलं असेल, आणि त्याखाली ती स्वतःचं नाव कसं घालणार?

“नको घालू,” बाबा म्हणाले.

सकाळी धुकं इतकं होतं, की दोघं निघाली ती एकमेकांच्या पावलांच्या आवाजावर. लपणात शिरून तिनं कॅमेरा बुटक्या, तीन पायांच्या तिकाटण्यावर, जमिनीलगत लावला. लेन्सचं तोंड काठ्यांतून वीतभर बाहेर, कुंडाकडे. काच फडक्यानं तीनदा पुसली. बटण कुठलं, ते बाबांना दोनदा दाखवलं.

“जा,” बाबा म्हणाले.

ती काठी आपटत निघाली.

पहिल्या वळणापर्यंत ती गेलीच नव्हती. पाय चालत होते, पण ती आतच होती, लेन्सपाशी. उजेड कमी पडला तर? बाबांचा हात हलला तर? तिची मान दोनदा वळता वळता राहिली.

मग डोक्यावर शेकरू खच्चून ओरडलं, आणि ती अशी दचकली की काठी हातातून निसटली.

“मुंगी चावली,” ती म्हणाली.

धुक्यात ऐकायला कुणीच नव्हतं.

तिला हसू आलं. एकटीच उभी राहून हसली. मग वाकून काठी उचलली आणि चालू लागली, आणि कधी कोण जाणे, घर आठवायला लागलं. वडील उठले असतील, देवाची फुलं काढत असतील. ती निघाली त्या दिवशी ते एसटीच्या खिडकीशी उभे होते, खिडकीची काच खालीवर सरकते ना, ते बघत होते... वर्षभरात तिनं हे एकदाही आठवलं नव्हतं.

वाट कधी संपली ते तिला कळलं नाही. जांभळीखालच्या दगडावर ती किती वेळ बसली, तेही नाही. धुकं पातळ झालं आणि हातावर ऊन पडलं, तेव्हा तिला आठवलं, की आपल्याला परत जायचं आहे.

लपणात कुणीच नव्हतं.

बाबांनी बसल्याची गवतावर खूण होती, तीही थंड. कॅमेरा ठेवला तसाच उभा. तिनं घाईघाईनं आतली चित्रं उलटी चाळली. कालचं रिकामं कुंड, परवाचं रिकामं कुंड... आजचं एकही नाही.

ती बाहेर आली. कुंडाच्या ओल्या काठावर करवंदाएवढ्या खुरांचे ठसे होते. पाण्यापर्यंत गेलेले. पाण्यापासून लपणाकडे आलेले. लेन्सच्या तोंडाशी ते एका जागी दाट झाले होते, कुणीतरी बराच वेळ उभं राहिल्यासारखे.

आणि काचेवर मधोमध एक ओला डाग होता. नाकाएवढा. भोवती श्वासाची वाफ, कडेनं विरत चाललेली.

केतकीचा हात सवयीनं खिशातल्या फडक्याकडे गेला...

आणि तिथंच राहिला.

वाटेवरून बाबा येत होते, पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन.

“तुम्ही बसणार होतात,” ती म्हणाली. आवाज चढला नाही.

“तू गेलीस, मग मी बी गेलो. शेळीला पाला नव्हता.”

केतकीनं कॅमेरा तिकाटण्यावरून सोडवला. आणि वर्षभर जशी छायाचित्रं दाखवत आली होती, तशी तिनं ती काच बाबांपुढे धरली.

बाबांनी ती हातभर लांब धरली. अकरांपैकी एकाही चित्राकडे ते इतका वेळ बघत राहिले नव्हते.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. “यात तू कुठं व्हतीस?”

तिनं तोंड उघडलं. फूट आठवेनात.

“मी... गेले होते, बाबा.”

बाबांनी द्रोण तिच्या पुढे केला.

“हं... मग ये आता.”