मुंगी न लागणारं कालवण

"बाबा, माझ्या हातच्या अन्नाला मुंगी का लागत नाही?"

कोंडिबाबा मठीत चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा चंद्रहास देवकुळे. देशोदेशीच्या बायकांच्या चुलीपाशी बसून त्यांचं घरचं जेवण शिकून आलेला. नाव मोठं, लक्षण खोटं असला प्रकार नव्हता; हाताला खरंच चव होती. ती आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, एवढंच.

"हे गाऱ्हाणं घेऊन आलेला तू पहिलाच," बाबा म्हणाले. "लोक उलटं सांगतात. मुंग्यांनी जीव नकोसा केलाय म्हणून."

चंद्रहास हसला नाही.

"मुंग्यांचं जाऊ द्या. नानाही खात नाहीत. माझे वडील. रोज नवं काहीतरी करून पुढ्यात ठेवतो. ते तोंड फिरवतात. डॉक्टर म्हणतात, रोग काही नाही. पण असंच चाललं तर..."



बाबांनी भाकऱ्या टोपलीत टाकल्या आणि चुलीपासून बाजूला सरकले.

"कर काहीतरी."

चंद्रहासनं पिशवी उघडली. एका चुलीवर इथिओपियातल्या घरचं मसुरीचं लालभडक कालवण, शेजारच्या दुसऱ्या चुलीवर हंगेरीतल्या एका म्हातारीनं शिकवलेला बटाट्याचा रस्सा. वासानं मठी भरून गेली. तो मधूनमधून बोटावर थेंब घेई, जिभेवर घोळवी आणि बाजूला थुंकून टाकी.

बाबा ते बघत होते.

भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती. बाबांनी कालवण पत्रावळीवर घेतलं आणि पत्रावळ रांगेच्या वाटेत ठेवली. मुंग्या जवळ आल्या. थबकल्या. मग रांग दुभंगली, पत्रावळीला वळसा घालून पलीकडे पुन्हा एक झाली.

"आता हात ठेव."

चंद्रहासनं तळहात जमिनीवर टेकवला.

मुंग्यांनी त्यालाही वळसा घातला.

भर दुपार होती, तरी त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यानं हात मागं ओढून घेतला.

"बाबा... मी जिवंत आहे ना?"

"जेवलास कधी?"

"चव तर रोजच घेतो..."

"जेवलास कधी?"

चंद्रहास आठवत राहिला. त्याला आठवेना.

बाबांनी तीन पत्रावळी मांडल्या. तिन्हींवर एकेक भाकरी ठेवली, कालवण वाढलं.

"तिसरी कोणाची?"

"येणाऱ्याची."

दारातून टेकडीची पायवाट खालपर्यंत दिसत होती. तिच्यावर चिटपाखरू नव्हतं.

"वडील जेवायला बसले की तू काय करतोस?" बाबांनी विचारलं.

"समोर उभा राहतो. त्यांच्या तोंडाकडे बघत. आवडलं की नाही ते कळायला नको?"

"आणि पूर्वी?"

"पूर्वी... एकाच ताटात जेवायचो. आई गेल्यावर नाना मला घेतल्याशिवाय घास तोंडात घालत नसत. भाकरीचं मधलं मऊ मऊ ते खायचे. कुरकुरीत कडा माझ्यासाठी ठेवायचे. आता तर बिचाऱ्यांचे दातही गेलेत."

"हं... घास घे."

चंद्रहासनं घास घेतला. जिभेवर घोळवला. "जिरं जरा..." म्हणत तो थुंकायला बाजूला वाकला, तोच बाबांचा हात त्याच्या तोंडावर घट्ट बसला. पिठाचा आणि राखेचा वास येणारा हात.

"गिळ."

घास घशातून उतरताना दुखलं. मग आत कुठंतरी खड्डा पडल्यासारखं झालं आणि भूक अशी उसळली, की तो मान खाली घालून नुसता खात सुटला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायलाही तो थांबला नाही.

अर्ध्यावर आला तेव्हा त्याला ऐकू आलं.

शेजारी कोणीतरी चघळत होतं. सावकाश. बोळक्या तोंडानं.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. मान वळवायचा त्याला धीर होईना. तो खात राहिला, शेजारचं चघळणंही चालू राहिलं. त्यानं शेवटचा घास गिळला, तेव्हा तेही थांबलं.

मनगटावर काहीतरी वळवळलं. मुंगी चढली होती. त्यानं ती झटकली नाही.

मग त्यानं पाहिलं.

तिसऱ्या पत्रावळीवरचं कालवण बोटानं पुसून घेतलेलं होतं. भाकरीचं मधलं सगळं गेलं होतं. कड तेवढी राहिली होती, अख्खी, गोल.

"बाबा," चंद्रहासनं विचारलं. "नाना... आहेत ना?"

बाबांनी ती पत्रावळ हळूच त्याच्या पुढ्यात सरकवली.

"कडा कोणासाठी ठेवल्यात त्यांनी?"