इंजिन सोडून बाकीचं वजन

एकदा एक शिष्या नऊ किलोचं रॉकेट इंजिन एका हातात उचलून आपल्या वृद्ध गुरूंकडे आली. सात वर्षं तिने त्यातला एकेक ग्रॅम तासून काढला होता. स्वतःच्या वजनाच्या पन्नासपट, म्हणजे साडेचारशे किलोचा रेटा ते देत असे. अख्खी प्रयोगशाळा तिचे गोडवे गात होती. इंधन म्हणून तिने द्रव हायड्रोजन निवडला होता, कारण किलोमागे त्याच्याइतका जोर दुसऱ्या कशात मिळणार? उड्डाण आठवड्यावर आलं होतं, आणि ते फसलं तर प्रकल्प कायमचा बंद, असं वरून बजावलं होतं.

गुरूंनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तिच्याच हाती राहू दिलं आणि बाकीचं रिकामं रॉकेट टाक्यांसकट क्रेनच्या वजनकाट्याला टांगायला लावलं. म्हातारा चळला, असं शिष्येला वाटलं. मग गुरूंनी फळ्यावर त्यात इंधनाचं वजन मिळवलं. बेरीज चारशे ऐंशी किलो झाली. म्हणजे इंजिन कितीही गरजलं तरी रॉकेट जागचं हलणार नव्हतं.

तिने पुन्हा तोलायला लावलं. आकडा तोच. टाकी आमच्याकडे नव्हती, असं ती पुटपुटली, आणि ते खरंही होतं. टाकी दुसऱ्या विभागाची, तिथे कोण कशाला विचारतंय!

गुरू म्हणाले, "पोरी, किलोभर केरोसीन बाटलीत मावतं, किलोभर कापसाला पोतं लागतं. हायड्रोजन कापसासारखा. त्यात इतका थंड, की पोत्याला गोधडीही हवी. मोठ्या रॉकेटला हा पसारा पेलतो, एवढ्याशाला नाही. तू एकटं इंजिन तोललंस, पण उडायचं सगळ्यांनी मिळून असतं."

हेच इंजिन केरोसीनवर चालेल का, असं तिने विचारलं. गुरूंनी नकारार्थी मान हलवली. त्यातलं छिद्र न् छिद्र हायड्रोजनच्या मापाचं होतं, आणि नव्याने सुरुवात करायला आता कुणी सात वर्षं देणार नव्हतं.

"सर, तुम्हाला हे कधी कळलं?"

"तू इंधन निवडलंस त्याच दिवशी. तरुणपणी मीही हीच चूक केली होती. पण तुझा चेहरा इतका उजळला होता, की जीभ रेटेना. मग रोज म्हणायचो, उद्या सांगू."

बाबांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला पहिल्याच दिवशी टोकावं.

शिष्येने इंजिन फडक्यात गुंडाळलं आणि एका हातात उचललं. ते खरोखरच फार हलकं होतं.