गाळाची पहिली पाटी

कोंडसरीच्या तळ्यातला गाळ वैशाखात काढतात. खालच्या रानांकडे जायला ट्रॅक्टर उभे असतात, पण पहिली पाटी त्यांत पडत नाही. प्रत्येक घरातले एक माणूस ती डोक्यावर घेऊन डोंगर चढते. वर 'भिवरीची पट्टी' नावाचे अर्ध्या एकराचे रान आहे. तिथे पाटी ओतायची, खाली यायचे आणि मग आपल्या शेताला गाळ न्यायचा.

माती डोंगरावर का नेता, असे पाहुणे विचारतातच. तळ्यावर देखरेख करणारे गेनूअण्णा म्हणतात, "तिथनंच आलीया म्हणून. आधी एक पाटी उचला, मग सांगतो. मोकळ्या डोक्याच्या माणसाला ही गोष्ट कळत न्हाई."

फार पूर्वी, किती ते अण्णांनाही ठाऊक नाही, या पट्टीत भिवरा नावाची बाई नवऱ्याबरोबर शेती करी. ती राळा हे बारीक दाण्याचे धान्य पेरायची. तिच्या राळ्याचे कणीस तांबडे असे. बी तिने माहेराहून आणले होते आणि पंचक्रोशीत ते दुसऱ्या कुणाकडे नव्हते, असे सांगतात. पण दर पावसात पट्टीची माती ओघळून तळ्यात जाई. तळ्याचा गाळ खालचे शेतकरी उचलत आणि त्यांचा शाळू पुरुषभर वाढे. वर मात्र दगड उघडे पडत चालले. एका वर्षी राळा इतका थोडा झाला, की भिवराने तो पदरात बांधून घरी आणला म्हणे.

नवरा म्हणाला, "दसऱ्यापातूर बघतो. न्हाईतर घाटाखाली कामाला जाऊ. दगडं कोण खातंय?"

भिवरा येसाजी पाटलाकडे गेली. त्याच्या बैलगाड्या तेव्हा गाळ वाहत होत्या.

"पाटील, ही माझ्या रानाची माती हाय. थोडी माघारी द्या."

पाटील हसला. "माती काय आपलं नाव सांगती व्हय? तुझी हाय म्हणून वळखून दाखव, आन् समदी घिऊन जा."

गाडीवान हसले. भिवराने गाडीतल्या गाळाला हात लावून कपाळाला लावला आणि डोंगर चढून गेली.

पाऊस पडला. शाळू पावसाळा सरताना पेरतात, म्हणून पाटलाचे रान तोवर मोकळे होते. त्यात बारीक पाती वर आली. गवत समजून गड्यांनी कुळव फिरवला. आठ दिवसांनी ती पुन्हा उगवली. आठ-दहा महिने पाण्याखाली राहिलेले बी कुजते, हे शेतकऱ्याला सांगायला नको; पण इथे उगवले, असे सांगतात. "आता कुळवायचं न्हाई," पाटलाची म्हातारी आई म्हणाली. "काय येतंय ते तरी बघू."

भाद्रपद संपत आला तेव्हा जिथे जिथे गाळ पडला होता, तिथे तिथे तांबडी कणसे वाऱ्यावर डुलू लागली. सारे गाव बांधावर जमले. पाटील खाली बघत उभा राहिला.

"येसा," म्हातारी म्हणाली, "नाव इचारलं व्हतंस न्हवं? घे, सांगितलं मातीनं."

पाटलाने भिवराला बोलावणे धाडले. दसऱ्याला चार दिवस उरले होते आणि तिच्या नवऱ्याने भांडीकुंडी बांधून ठेवली होती. पाटील म्हणाला, "शब्द दिला व्हता. किती गाड्या गाळ पायजे तुला?"

भिवराने मान हलवली. "गाड्या नगं. नुसती माती नेली, तर फुडल्या पावसात पुन्यांदा तुमच्याच दारात. आधी वर या आन् पाण्याला आडवे दगड रचा. मग घरटी एक पाटी टाका. माती धरून कशी ठेवायची, ते मी बघते."

त्या वर्षी गावाने दसऱ्याचे सोने डोंगरावरच वाटले. माणसांनी पट्टीतलेच दगड उचलून उताराला आडव्या ताली रचल्या. भिवराने तालींच्या कडेला हुलगा टोकला, की मुळांनी माती बांधून राहावी. राळ्याचे काड तिने जनावरांना घातले आणि त्यांचे शेण पुन्हा रानात नेले. तिसऱ्या वर्षी पट्टीत ढोपरभर राळा उभा राहिला. डोंगरावरून माती येईना, तसे तळे गाळाने कमी भरू लागले आणि त्यात पाणी जास्त साठू लागले. आणि मग खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. बांधलेली भांडी तर नवऱ्याने त्याच दसऱ्याला सोडली होती. तो पुढे सगळ्यांना सांगे, "मी जाणार न्हवतोच. नुसतं भेवडावत व्हतो." यावर भिवरा काय म्हणाली, ते मात्र कुणी सांगत नाही.

आजही साऱ्यांच्या पाट्या ओतून झाल्या, की गावातली सगळ्यात वयस्क बाई पायातल्या वहाणा काढते आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. सगळे गप्प उभे असतात, सरपंचही. खडा टोचला, की ती थांबते आणि बोट दाखवून एवढेच म्हणते, "हितं." मग पाटी टेकवलेली माणसे दगड उचलायला वाकतात.