दंवाचा शेवटचा थेंब

शेवंतीची आई जगातल्या सगळ्यात सुंदर बागेत चौदा वर्षं काम करत होती, आणि तिने ती बाग एकदाही बघितली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, असं कुठे असतं का? असतं. ऐका तर खरं.

कनका नदी कनकपूर शहरात शिरते ना, तेव्हा तिला ते शहर इतकं आवडतं की सरळ जायचं सोडून ती तीनदा वळून वळून मागे बघते. त्या तीन वळणांत ती बाग होती. पहिल्या वळणावर फुलांचे ताटवे आणि फुलपाखरांचं काचघर. दुसऱ्या वळणावर पक्ष्यांचं जाळीघर, एवढं उंच की आतल्या उंबराला आपण आत आहोत हे कधी कळलंच नाही. तिसऱ्या वळणावर सुसरींचं बेट, आणि पलीकडे हरणांचं हिरवंगार कुरण. लांबलांबची माणसं होड्यांत बसून यायची, दिवसभर 'अबब!' म्हणायची आणि संध्याकाळी मान दुखते म्हणून कुरकुरत घरी जायची.

शेवंतीची आई गिरजा या बागेच्या वाटा झाडायची. तिथला रिवाज असा होता की झाडणाऱ्या बायकांनी उजाडता उजाडता मागच्या दाराने आत यायचं, मान खाली घालून झाडायचं आणि घंटा झाली की मागच्याच दाराने बाहेर पडायचं. घंटा झाल्यावर मग पुढचं मोठं दार उघडायचं, काचघराचे पडदे वर जायचे आणि जाळीघराच्या चटया गुंडाळल्या जायच्या. त्यामुळे गिरजेला बागेतला पाचोळा पानापानाने ओळखीचा होता, पण मोर तिने फक्त ऐकला होता.

घरी या दोघीच. बागेच्या भिंतीला बाहेरून टेकलेलं एक खोपटं, एक चूल आणि दोघींत मिळून एक गोधडी, तीसुद्धा शेवंतीच्या बाजूला जरा जास्त. त्यात आता गिरजेच्या डोळ्यांवर सायीसारखा पांढरा पडदा धरायला लागला होता. वैद्यबाईंनी दिवा जवळ नेऊन पाहिला आणि सुस्कारा सोडला. "सावरीला फुलं येतील तोवर दिसेल, गिरजा," त्या म्हणाल्या. "पुढचं माझ्याच्याने सांगवत नाही."

सावरीला तर कळ्या धरल्या होत्या. शेवंती रोज सकाळी त्या कळ्यांकडे डोळे वटारून बघायची आणि म्हणायची, "एवढी घाई कशापायी गं तुमाला?" तिला दुसरं काही नको होतं. आईने एकदा, फक्त एकदाच, ती बाग डोळे भरून बघावी, एवढंच तिचं मागणं होतं.

गिरजेची कामाची एक पद्धत होती. झाडू लावायच्या आधी ती वाट न्याहाळायची. गोगलगाय असो, सुरवंट असो, ओल्या पंखांचं एखादं पाखरू असो, जीव असलेलं जे काही दिसेल ते हलक्या हाताने उचलून सावलीत ठेवायचं आणि मग झाडायचं. बाकीच्या बायका हसायच्या. "गिरजे, गोगलगायींची लग्नं जुळवतीस काय गं?" त्या विचारायच्या. गिरजाही हसायची, पण पद्धत काही सोडायची नाही. आता तिला दिसेनासं झालं म्हणून तिच्यापुढे शेवंती चालायची, आणि न्याहाळायचं काम तिचं.

एका गारठ्याच्या सकाळी काय झालं, प्राजक्ताखालच्या कोरड्या फरशीवर शेवंतीला दंवाचा एक थेंब दिसला. एकटाच. बाकीचं सगळं दंव गवतावर कसं मजेत बसलं होतं, आणि हा बिचारा वाट चुकून फरशीवर. त्याच्या पोटात इवलेइवले रंग फिरत होते, जांभळा, पोपटी, गुलाबी. आणि तो कुडकुडत होता.

थेंबात कुठे जीव असतो? शेवंतीलाही ते माहीत होतं. पण कुडकुडणाऱ्याला टाकून पुढे कसं जायचं? तिने अळूचं पान आणलं, थेंबाला अलगद त्यावर घेतलं आणि नेच्याच्या झुपक्याखाली, गार सावलीत नेऊन ठेवलं.

"हुश्श!" थेंब म्हणाला.

म्हणजे थेंब नव्हे. त्यातून एक परी उठून उभी राहिली. बोराएवढी असेल. तिचे पंख पाण्याचे होते, झगा धुक्याचा होता आणि केसांत तीन चमचमते मणी होते. "अजून थोडा वेळ तिथे राहिले असते तर वाळून गेले असते मी, आणि फरशीवर वाळलेल्याला पुन्हा जन्म नसतो," ती म्हणाली. "मी दंवपरी. माझ्या केसांत तीन इच्छा आहेत, त्या तुझ्या."

शेवंतीने क्षणभरही विचार केला नाही. "माज्या आईचे डोळे बरे कर!"

"करते. पण माझे नियम आहेत हं," परी हळूच म्हणाली. "माझी जादू या बागेच्या भिंतीच्या आतच चालते. उंबरठा ओलांडला की संपली. आणि बागेत दंवाचा एक तरी थेंब असेपर्यंतच ती टिकते."

"म्हंजी घरी गेल्यावर पुन्यांदा अंधारच?"

"हो गं. आणि इच्छा तीन म्हणजे तीनच. चौथी मागितलीस तर मला ती ऐकूसुद्धा येणार नाही."

शेवंतीने आईकडे वळून पाहिलं. थोडा वेळ तर थोडा वेळ! आई बाग तर बघेल! "चालंल," ती म्हणाली. "आईला इथं दिसू दे. आणि सगळे पडदे, सगळ्या चटया आत्ताच्या आत्ता वर जाऊ देत." तिसरी इच्छा तिने राखून ठेवली. घंटा वाजायची वेळ झाली की ती घंटाच मुकी करून टाकायची, असा तिचा बेत होता. हुशार पोर!

परीने केसांतले दोन मणी उडवले. टिंग! टिंग!

मागे गिरजा झाडत होती. तिचा हात एकदम थांबला. आधी तिला झाडूच्या काड्या दिसल्या, एकेक सुटी काडी. मग फरशीवरचा प्राजक्त दिसला, त्याचे शेंदरी देठ दिसले. ती तशीच खाली बघत राहिली. चौदा वर्षांची सवय ती!

"आई, वर बग!" शेवंतीने तिचा हात धरला आणि ओढतच नेलं. "मान वर कर की गं!"

गिरजेने मान वर केली.

समोर काचघर उघडं होतं आणि आत हजार फुलपाखरं नुकतीच जागी होत होती. निळी, लिंबोणी, तपकिरी ठिपक्यांची, काळ्या मखमलीवर लाल टिकल्या लावलेली. ती सगळी एकदम उडाली आणि गिरजेभोवती फेर धरून फिरायला लागली. एक चिमुकलं तर तिच्या पदरावरच बसलं. "आगं बया," गिरजा कुजबुजली, "ह्यांच्यातलं एक मी पावसात उचललं व्हतं गं. सुरवंट व्हतं तवा." ते तेच होतं की दुसरं, देव जाणे, पण ते उडालं नाही एवढं खरं.

मग जाळीघर. तिथे करकोचे कोवळ्या उन्हात पंख वाळवत उभे होते, पोपटांची शाळा भरली होती, आणि मधोमध, आपल्यासाठीच कुणीतरी ऊन पाडलंय अशा ऐटीत, मोर! त्याने गिरजेकडे बघितलं, मान वाकडी केली आणि पिसारा उघडला. सरसरसर! हिरवा, सोनेरी, निळा. गिरजा मटकन खाली बसली. "ह्यो असा असतोय?" ती म्हणाली. "आवाज ऐकून मला वाटायचं, कुनीतरी रडतंया. आन ह्यो तर असा!" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. शेवंतीला वाटलं, आता आपल्याला आयुष्यात काही मिळालं नाही तरी चालेल.

तिसऱ्या वळणावर तर दोघी थबकल्याच. कनका नदी एवढी रुंद, एवढी शांत पसरली होती, की आभाळ वर आहे की खाली तेच कळेना. बेटावर सुसरी जबडे उघडून ऊन खात पडल्या होत्या. पलीकडे कुरणात हरणं धुक्यातून एकेक करून बाहेर येत होती, आधी शिंगं, मग डोळे, मग ठिपके. गिरजेने नुसते हात जोडले.

इतक्यात शिट्टीसारखी किंकाळी ऐकू आली. काठाच्या खडकावर एक पाणमांजर सैरावैरा धावत होतं. त्याचं पिल्लू, मुठीएवढं, मऊमऊ, घसरून प्रवाहात पडलं होतं आणि गवताच्या एका पुंजक्याला चिकटून वाहत चाललं होतं, थेट सुसरींच्या बेटाकडे. पिल्लाची आई शिट्ट्या मारत होती, पाण्यात शिरत होती, पण प्रवाह तिला मागे ढकलत होता. एका सुसरीने जबडा मिटला आणि ती सावकाश पाण्यात उतरली.

"आगं, त्याला कुनीतरी धरा!" गिरजा ओरडली आणि पदर खोचून पाण्याकडे धावली. तिला पोहता येत नव्हतं.

शेवंतीने आईकडे बघितलं. गवताकडे बघितलं. दंव भराभर वाळत होतं आणि घंटेची वेळ होत आली होती. एकच मणी उरला होता. तिला रडू कोसळलं, तरी ती ओरडली, "परी, ते बाळ त्याच्या आईपाशी जाऊ दे!"

टिंग!

नदीने जणू कूस बदलली. एक लाट उलटी आली, तिने पिल्लाला उचललं आणि खडकावर आईच्या पायांशी नेऊन ठेवलं. आईने त्याला चाटून चाटून, उलटंपालटं करून पाहिलं, आणि एक चापटसुद्धा दिली. आया सगळीकडच्या सारख्याच.

आणि घंटा वाजली. ठण्! ठण्! ठण्!

आता बघा सवय कशी असते. घंटा ऐकली मात्र, गिरजा दचकली. मोर विसरली, हरणं विसरली, डोळे विसरली. तिने झाडू काखेत मारला, मान खाली घातली आणि चौदा वर्षं धावली तशी मागच्या दाराकडे धावत सुटली.

"आई, नको! उंबरठा वलांडू नगंस! थांब!" शेवंती मागून जीव तोडून धावली. पण घंटेच्या आवाजात गिरजेला काही ऐकू आलं नाही. तिचा एक पाय बाहेर पडला.

ती थांबली. तिने हात पुढे केला आणि हवेत चाचपला.

"शेवंते," ती म्हणाली, "ऊन गेलं का गं?"

शेवंती दारातच बसून ओक्साबोक्शी रडली. "माजी चूक, आई. मी घंटा थांबवनार व्हते, पर ती इच्छा मी पिल्लाला दिली."

गिरजेने चाचपत तिचं डोकं शोधलं आणि पोटाशी धरलं. "चूक कसली, येडे? त्याच्या आईनं आज त्याला पाह्यलं. आन मी मोर पाह्यला. आता डोळं मिटलं तरी मला त्यो दिसंल."

तेव्हा शेवंतीच्या खांद्यावर काहीतरी गार गार टेकलं. परी होती. आता तिचे केस मोकळे होते आणि ती काठाकाठाने विरघळत होती.

"गवतावरचं दंव संपलं," ती म्हणाली. "बागेत आता एकच थेंब उरलाय. तो म्हणजे मी."

"मग तू सावलीत जा ना! वाळशील!" शेवंती रडता रडता म्हणाली. "चल, मी नेते तुला."

परी हसली. इतकं गोड हसली की भिंतीवरच्या वेली थरथरल्या. "चौथी इच्छा मला देता येत नाही. मला माझे नियम मोडता येत नाहीत. पण मी राहायला कुठे जावं, याबद्दल एकही नियम नाही. रोज सकाळी वाळायचं आणि रोज पहाटे पुन्हा जन्मायचं, फार कंटाळा आलाय मला. आज मला एक असं घर दिसलं, जिथे ओल कधी आटायची नाही. तुझी आई सुरवंटासाठी रडते, मोरासाठी रडते, दुसऱ्याच्या पिल्लासाठी धावते."

ती उडाली. पाण्याच्या पंखांतून सूर्य आरपार गेला आणि एका थेंबाचे दोन थेंब झाले. दोन्ही गिरजेच्या डोळ्यांत अलगद उतरले. एवढा लख्ख उजेड पडला की दार, भिंत, वेली सगळं सोनेरी झालं. आणि मग तो उजेडही डोळ्यांत शिरला आणि दिसेनासा झाला. परी पुन्हा कुणाला दिसली नाही.

गिरजेने डोळे उघडले. उंबरठ्याच्या बाहेर उभी होती ती, तरी डोळ्यांवर साय नव्हती, धुकं नव्हतं. आणि ती बागेकडे बघतच नव्हती. शेवंतीचं तोंड दोन्ही हातांत धरून बघत होती.

"दात पडला व्हय गं तुजा?" ती म्हणाली. "ह्यो पुढचा?"

"पडला की, आई. दिवाळीत."

"आन मला बोलली न्हाईस?"

"तुला दिसत नव्हतं म्हून वाईट वाटंल, म्हून न्हाई सांगितलं. आता नवा बी येतोय, बग," शेवंती म्हणाली, आणि तिने आ केला.

गिरजेने बघितलं. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक डोकावत होतं. सबंध बाग बघून झाली होती, पण एवढा वेळ तिने कशाकडेच बघितलं नव्हतं.

मग तिने झाडू मागच्या दाराला टेकवून ठेवला आणि लेकीचा हात धरून उंबरठा ओलांडून पुन्हा आत गेली, मान वर करून. पुढच्या दारातून लोक आत येत होते आणि 'अबब!' म्हणत होते. त्या दिवशी त्यांत दोन आवाज जास्त होते.