ढेप्यांचा तुळशीराम परिषदेवर जातो

एका गावात एक विद्यापीठ होतं. विद्यापीठ म्हटल्यावर तिथं शहाणी माणसं भरपूर. त्या शहाण्यांच्या गर्दीत एकच भोळा शिपाई होता, तुळशीराम ढेपे. आवक विभागात येईल त्या कागदावर शिक्का मारायचं काम त्याच्याकडे होतं. सांगितलेलं काम त्यानं कधी चुकवलं नाही. अडचण एवढीच, की जेवढं सांगितलं तेवढंच आणि तसंच तो करायचा.

त्याची बायको कौसाबाई त्याच विद्यापीठाच्या बागेत माळीकाम करायची. तुळशीराम बावीस वर्षं कायम, आणि कौसाबाई चौदा वर्षं रोजंदारीवर. बागेत अशी रोजंदारीची त्रेसष्ट माणसं होती. यादीत पहिलं नाव कौसाबाईचं. त्यांना कायम करायची फाइल दरवर्षी व्यवस्थापन परिषदेपुढं जायची. व्यवस्थापन परिषद म्हणजे वीस शहाणे एका लांब टेबलाभोवती बसून काजू खात विद्यापीठाचं सगळं ठरवतात ती. फाइल आत जायची, काजू संपायचे, फाइल परत यायची. रोजंदारीवाल्यांसाठी तोंड उघडणारं तिथं कुणी नव्हतंच.

त्या वर्षी परिषदेवर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक माणूस निवडून द्यायचा होता. कर्मचाऱ्यांच्या संघटनेत दोन गट होते. ह्यांचा माणूस त्यांना चालत नव्हता, त्यांचा ह्यांना. शेवटी सरचिटणीस खराडेअण्णा वैतागून म्हणाले, "अरे, ज्याचं कुणाशीच वाकडं नाही असा एक तरी माणूस आहे का?"

दोन्ही गटांनी एकच नाव घेतलं. तुळशीरामचं कुणाशी वाकडं नव्हतं. संघटनेत भांडण चाललंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी कौसाबाईनं देवापुढं साखर ठेवली. तिचा आनंद पोटात मावेना.

"आवं, आता निवडून या बरं का. त्या टेबलाशी आपलं मानूस बसलं की मी कायम झालेच म्हनून समजा. चौदा वर्सं वाट बघतीया मी. तुमाला काय कळंना तर मला इचारा. मी सांगते तसं करायचं."

"बरं," तुळशीराम म्हणाला.

आधी अर्ज भरायचा होता. खराडेअण्णांनी बजावलं, "अर्ज पाचच्या आत कुलसचिवांच्या हातात द्यायचा. टेबलावर ठेवायचा नाही, क्लार्ककडे द्यायचा नाही. हातात!"

कुलसचिव सापडले ते सभागृहात. कसल्याशा परिसंवादाचं उद्घाटन होतं. हातात पेटती मेणबत्ती घेऊन ते समईकडं वाकलेले होते. तुळशीराम स्टेजवर चढला आणि त्यानं अर्ज त्याच हातात कोंबला.

"हे काय?" कुलसचिव ओरडले.

"हातातच द्यायला सांगितलंय, साहेब."

अर्जानं पेट घेतला. नवीन पद्धत असेल असं समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खराडेअण्णांनी धावत जाऊन चपलेनं अर्ज विझवला. वडिलांचं नाव जळालं, उमेदवाराचं राहिलं. अर्ज मंजूर झाला.

कौसाबाईनं कपाळावर हात मारला. "आवं, मानूस कामात आसला की मधी कडमडायचं न्हाई! भायेर बाकड्यावर गुमान बसायचं. मोकळा झाला की मग आत जायचं."

"बरं. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी तो प्रचाराला निघाला. इतर कुठल्याही विभागात गेला असता तर अडचण आली नसती, कारण तिथं कुणी कामात नसतंच. त्यानं नेमका परीक्षा विभाग धरला. निकालाचे दिवस. साठ मतं, आणि साठही माणसं मान मोडून कामाला लागलेली. तुळशीराम बाहेर बाकड्यावर बसला. त्याच्या समोरून संघटनेबाहेरून उभा राहिलेला विरोधी उमेदवार कारंजकर, वसतिगृहाचा लिपिक, आत गेला. सगळ्यांशी हसला, बोलला, चहा पिऊन बाहेर आला. तुळशीरामनं त्याच्यासाठी सरकून जागा केली.

"काय ढेपे, आत नाही जायचं?"

"मानसं कामात हायती."

असे तीन दिवस गेले. संध्याकाळी सहाला माणसं मोकळी व्हायची आणि बस पकडायला पळत सुटायची. तुळशीराम उठायचा, आत जायचा आणि रिकाम्या खुर्च्यांना हात जोडून घरी यायचा.

"बाकड्यावर बसून मतं येत्यात व्हय?" कौसाबाई म्हणाली. "चार मानसं जमल्याली दिसली की घुसायचं! तोंड हसतं ठेवायचं, एकेकाचा हात हातात घ्यायचा आन् म्हनायचं, 'लई आनंद झाला! आसंच वरच्यावर जमत जावा!'"

"बरं. आता तसंच करतो."

चौथ्या दिवशी ग्रंथालयात त्याला चांगली शंभर माणसं जमलेली दिसली. सगळी गप्प, माना खाली. समोर टेबलावर फोटो, फोटोला हार, उदबत्ती. ग्रंथालयातला एक सहायक आदल्या आठवड्यात वारला होता, त्याची शोकसभा चालली होती. तुळशीराम बत्तीस दात दाखवत आत घुसला. एकेकाचा हात हातात घेत तो मयताच्या सख्ख्या भावापाशी पोचला.

"लई आनंद झाला! आसंच वरच्यावर जमत जावा!"

भावाला दोघांनी धरलं म्हणून तुळशीराम वाचला. ग्रंथालयाची अठ्ठावीस मतं जागच्या जागी गेली. एकोणतिसावं आधीच गेलं होतं.

"फोटू मांडलेला दिसला की वळखावं की वो!" कौसाबाई रडकुंडीला आली. "आशा ठिकानी मान खाली घालायची. फोटूला हार घालायचा, डोळं पुसायचं, दोन मिंटं गुमान उभं ऱ्हायचं. आन् म्हनायचं, 'लई चांगला मानूस व्हता.'"

"बरं. आता तसंच करतो."

दोन दिवसांनी लेखा विभागात हेडक्लार्क शिरसीकर निवृत्त झाले. जंगी कार्यक्रम होता. मागं दहा फुटी फलकावर शिरसीकरांचा हसरा फोटो, आणि फोटोखाली खुद्द शिरसीकर, फेटा बांधून, सपत्नीक. तुळशीरामला फोटो दिसला. त्यानं ताटातला हार उचलला, शिरसीकरांच्या शेजारची खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि फोटोला हार घातला. मग खाली उतरून डोळे पुसले आणि मान खाली घालून उभा राहिला.

विद्यापीठात एक उभा राहिला की सगळे उभे राहतात, का ते कुणी विचारत नाही. सगळा लेखा विभाग उभा राहिला. शिरसीकरही उभे राहिले. दोन मिनिटं पूर्ण झाली.

"लई चांगला मानूस व्हता," तुळशीराम म्हणाला.

शिरसीकरबाईंनी हंबरडा फोडला. शिरसीकर मटकन खाली बसले आणि पाणी मागू लागले.

"जित्या मानसाला कुनी आसं करतं व्हय?" कौसाबाईला आता रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. "आवं, जित्या मानसाला मान द्यायचा. दारात म्हना, चहाला म्हना, खुर्चीवर बसताना म्हना. समदीकडं आपलं एकच. पयलं तुमी, मग मी."

"बरं. आता तसंच करतो."

मतदानाचा दिवस उजाडला. मतपत्रिकेवर दोनच नावं होती. जो जास्त पसंत त्याच्यापुढं एकचा आकडा घालायचा, दुसऱ्यापुढं दोनचा. रांगेत तुळशीरामच्या मागं कारंजकर उभा होता. तुळशीराम बाजूला झाला. "पयलं तुमी, मग मी." कारंजकर आत जाऊन मत देऊन आला. मग तुळशीराम आत गेला. त्यानं कागद समोर धरला, नीट विचार केला, आणि कारंजकरच्या नावापुढं एक लिहिला. स्वतःपुढं दोन.

एवढ्यावर थांबता तर बरं होतं. नंतर तो चुन्याच्या रेघेबाहेर उभा राहून येईल त्याला हात जोडून सांगू लागला, "पयला नंबर कारंजकरसायबांना द्या. मग मला."

खराडेअण्णांना कळलं तेव्हा ते पायरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

पण विद्यापीठात जे सांगाल त्याच्या उलट करायची जुनी खोड आहे. तुळशीरामनं कारंजकरला मत द्या म्हटल्यावर निम्म्या लोकांनी ते हटकून दिलं नाही. मोजणी झाली. कारंजकर दोनशे तीन, ढेपे दोनशे तीन. चिठ्ठ्या टाकल्या. कुलगुरूंच्या ड्रायव्हरनं एक उचलली. ढेपे!

कौसाबाईनं साखर वाटली आणि मग ती नवऱ्याकडं वळली.

"आवं, तुमी सोताचं मत सोताला दिलं आसतं तर चिठ्ठी तरी कशाला टाकाय लागली आसती? माझी चौदा वर्सं त्या डायवरच्या दोन बोटात आडाकली व्हती! आता कान उघडं ठिवून ऐका. कागद म्होरं आला आन् नाव लिवायची येळ आली, तर दुसऱ्याचं नाव लिवायचं न्हाई. आपलं लिवायचं. कुनी कायबी म्हनू दे, आपलंच लिवायचं!"

"बरं. आता तसंच करतो."

परिषदेची पहिली बैठक भरली. खिडकीबाहेर कौसाबाई मेंदीचं कुंपण कापत होती. तासभर ती एकच जागा कापत होती. तिथं मेंदी उरली नव्हती.

माळ्यांची फाइल निघाली. कुलगुरू म्हणाले, "हे बघा ढेपे, कायम माळ्याची वर्षाला एक जागा भरायची, असं शासनानं कळवलंय. त्रेसष्टांतून एक नाव द्यायचंय. तुम्ही कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी, तुम्हीच लिहा."

कुलगुरू शहाणे होते. उरलेले बासष्ट चिडले तर ते ढेप्यावर चिडावेत, असा त्यांचा हिशेब होता.

तुळशीरामपुढं यादी आली. पहिलंच नाव, कौसाबाई तुळशीराम ढेपे. शेजारी कोरा कागद. त्यानं पेन उचललं. खिडकीबाहेरची कात्री थांबली. तुळशीरामनं ठळक अक्षरांत लिहिलं, तुळशीराम ढेपे.

कागद टेबलाभोवती फिरला. वाचून मंजूर करायची तिथं पद्धत नव्हती. वीस सह्या झाल्या. ठराव सर्वानुमते मंजूर.

तिसऱ्या दिवशी आदेश निघाला. श्री. तुळशीराम ढेपे यांना माळी या पदावर कायम करण्यात येत आहे. बावीस वर्षं कायम असलेला माणूस आणखी एकदा कायम झाला.

आदेश कौसाबाईनं बागेतच वाचला. पुन्हा वाचला. मग ती गुलाबांच्या वाफ्याशेजारी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. चौदा वर्षांचं रडू होतं ते. बायको आनंदानं रडतेय असं वाटून तुळशीरामलाही भरून आलं.

"तू म्हनालीस तसंच केलं बग," तो म्हणाला. "आपलंच नाव लिवलं."

कौसाबाई ताडकन उठली. "खोडा ते! जितं जितं तुमचं नाव आसंल तितं तितं खोडा आन् माझं लिवा! आत्ताच्या आत्ता!"

"बरं. आता तसंच करतो."

विद्यापीठात खाडाखोड चालत नाही. पण खाडाखोडीशेजारी शिक्का असला की तिला दुरुस्ती म्हणतात, आणि ती चालते. शिक्का तर तुळशीरामच्याच टेबलावर होता. त्यानं आदेशावरचं आपलं नाव खोडलं, कौसाबाईचं लिहिलं, शिक्का मारला. काम फत्ते झालं होतं. तिथूनच घरी जायचं. पण कौसाबाई म्हणाली होती जिथं जिथं. मग त्यानं हजेरीपुस्तक काढलं. खोडलं, लिहिलं, शिक्का. सेवापुस्तक काढलं. खोडलं, लिहिलं, शिक्का. परिषदेच्या सदस्यांची यादी. मतदारयादी. भविष्य निर्वाह निधी. सभागृहाबाहेर सदस्यांच्या नावांची पाटी होती, तिच्यावरही त्यानं स्टुलावर चढून खडूनं दुरुस्ती केली आणि शिक्का मारला. कुणी विचारलं नाही. शिक्का मारणाऱ्या माणसाला तिथं कुणीच काही विचारत नाही.

संध्याकाळी तो घरी आला. "कौसे, तू कायम झालीस."

तिनं आदेश बघितला. स्वतःचं नाव बघितलं. त्यावरून बोट फिरवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या पाया पडायला हात पुढं केला.

"आन् आनी कुटं बदाललं?" तिनं वाकता वाकता सहज विचारलं.

"समदीकडं. एक जागा सोडली न्हाई."

कौसाबाई वाकलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तुळशीराम सही करायला गेला, तर हजेरीपुस्तकात त्याचं नाव नव्हतं. आस्थापना विभागानं सगळी दप्तरं तपासली आणि लेखी कळवलं, की तुळशीराम ढेपे नावाचा कुणीही इसम या विद्यापीठात कधीही नोकरीस नव्हता. खाली सही, शिक्का.

आता कौसाबाई कायम माळी आहे. कागदोपत्री ती आवक विभागात बावीस वर्षं कायम शिपाईही आहे. आणि परिषदेची सदस्यही आहे. लांब टेबलाशी जाऊन बसते, ठराव वाचते आणि मगच सही करते, त्यामुळे बाकीच्यांचा फार खोळंबा होतो. बागेत तिची रोजंदारीची जागा रिकामी झाली, तिथं तुळशीरामला घेतलं. नवा माणूस म्हणून त्याचं नाव यादीत शेवटी लागलं, त्रेसष्टावं. कायम जागा वर्षाला एक निघते.

परवा खराडेअण्णा बागेतून चालले होते. तुळशीराम नळी धरून कुंड्यांना पाणी घालत होता. अण्णांना त्याची दया आली.

"अरे तुळशीराम, त्रेसष्ट वर्षं! कसं रे व्हायचं तुझं?"

"कशापायी काळजी करता, अण्णा?" तुळशीराम हसला. "मी दोन डाव कायम झाल्याला मानूस हाय. तिसऱ्या डावाला कितीसा येळ लागतोय?"