सुईणीची ज्वारी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्ये लहान होती, राज्यकर्त्यांची भूक मात्र आजच्याएवढीच होती.

अशा एका राज्यात पहारेकरी, वैद्य, पाणवठा राखणारे या सगळ्या चाकरांना सरकारी कोठारातून ज्वारी मिळे. एका म्हाताऱ्या सुईणीलाही मिळे. प्रधानांचे वाटेही तिथूनच निघत. माप त्यांच्या हाती, म्हणून त्यांनी सर्वांत शेवटी घ्यायचे, अशी रीत होती.

एका वर्षी पीक कमी आले. प्रधानमंडळ दार लावून बसले. दार उघडले तेव्हा रीत बदललेली होती. प्रधानांचा वाटा दुप्पट झाला होता आणि तो आधी निघणार होता. चाकरांना उरेल ते.

सुईणीच्या पदरात निम्मीच ज्वारी पडली. तिला स्वतःचे काही वाटले नाही. पण तिची लेक हाताखाली काम शिकत होती, आणि पोट भरले तरच ती टिकणार होती. म्हातारी दरबारात गेली.

थोरले प्रधान म्हणाले, "बाई, राज्याची चिंता आम्ही वाहतो. चिंता करणाऱ्याला भूक जास्त लागते. तुझे काम पुण्याचे. पुण्याला मोल लावून आम्ही पाप का करावे?"

"मग थोडे पुण्य तुम्हीही घ्या, प्रधानजी," सुईण म्हणाली, "आणि तेवढी ज्वारी मला द्या."

दरबार हसला. तिचा सत्कार करण्याचा हुकूम निघाला. मिळालेला नारळ मायलेकींनी त्याच दिवशी फोडून खाल्ला. शाल बाजारात कोणी घेईना. त्या वर्षी सगळ्याच चाकरांना शाली मिळाल्या होत्या.

पुढच्या वर्षी पीक भरघोस आले. प्रधानांचा वाटा पुन्हा वाढला, सुईणीचा होता तिथेच राहिला. "आई, तुझ्या विद्येने चूल पेटत नाही," असे म्हणून लेक शेजारच्या राज्यात वीटभट्टीवर गेली. म्हातारीने अडवले नाही. कोणत्या तोंडाने अडवणार?

वर्षे गेली. म्हातारीची नजर गेली, बोटे वाकडी झाली. अर्धपोटी राहून शिकायला दुसरे कोणी आले नाही.

मग थोरल्या प्रधानांच्या लेकीला कळा सुरू झाल्या. मूल आडवे होते. भर दुपारी प्रधान स्वतः धावत आले. मागे पोत्यांनी लादलेली गाडी होती. हवी तेवढी घे, पण चल, असे ते विनवू लागले.

"ज्वारी आणलीत हो," म्हातारी म्हणाली, "पण मी हात कुठून आणू? माझ्या लेकीचे हात विटा थापताहेत."

तरी ती गेली. बोलावणे आले आणि ती गेली नाही, असे कधी झालेच नव्हते. तिने चाचपडत जमेल ते केले. जमले नाही. दिवेलागणीच्या आत प्रधानांची लेक गेली, पोटातले बाळही गेले.

तेरावा झाल्यावर प्रधानमंडळ पुन्हा बसले. थोरल्या प्रधानांच्या दुःखाची दखल घेऊन सर्व प्रधानांचा वाटा आणखी वाढवण्याचा ठराव आला. थोरले प्रधान तेवढे गप्प बसले. नको मात्र म्हणाले नाहीत.

तात्पर्य: जो आपल्या सेवेचे मोल धान्यात घेतो आणि दुसऱ्याच्या सेवेचे नमस्कारात चुकवतो, त्याच्या अडीनडीला सेवा करणारे कोणी उरत नाही.