चिचुंद्रीचा बूचभर सोडा

लिंबाच्या झाडाखाली बीळ. बिळात राहायची चिचुंद्री. नाक लांब, शेपूट लांब, बाकी सगळी एवढुश्शी. पण आवाज? चीं चीं चीं! साऱ्या गल्लीला ऐकू जाई.

झाडापलीकडे विनूकाका आणि शशीकाकूंचं घर. विनूकाकांना सोडा फार आवडे. लिंबू पिळलेला, मीठ घातलेला, चटकदार सोडा. दुकानातला नको, घरचाच हवा! म्हणून त्यांनी घरीच सोड्याची मशीन केली. एक छोटा फ्रीज. फ्रीजमध्ये पिंप. पिंपात सोडा. बुडबुड्यांसाठी गॅसची टाकी. पिंपाला नळी. नळीला तोटी. तोटी दाबली, की सुर्रर्र! पेल्यात सोडा.

एके दिवशी काका म्हणाले, "चिचुंद्री, चिचुंद्री, झाडाखाली पडलेली लिंबं आणून दे. तुला बूचभर सोडा देईन."

"गार?"

"गारेगार!"

"बुडबुडेवाला?"

"बुडबुडेच बुडबुडे!"

चिचुंद्री लागली कामाला. नाकाने ढकललं लिंबू. गडगड गडगड. दारापाशी आणलं. पुन्हा झाडाखाली. लुटुलुटु, लुटुलुटु. पुन्हा लिंबू. गडगड गडगड. ढकलून ढकलून नाक लाल झालं. दारात लिंबांचा हा एवढा ढीग झाला.

काकांनी तोटीखाली बूच ठेवलं. बाटलीचं छोटं बूच. तोटी दाबली.

फस्स!

बुचात काय आलं? फेस! नुसता फेस!

"गॅस कमी पडला वाटतं," काका म्हणाले. त्यांनी गॅसच्या टाकीची चावी फिरवली. पुन्हा तोटी दाबली.

फस्सऽऽऽ! फेस भिंतीवर. फेस काकांच्या चष्म्यावर. फेस चिचुंद्रीच्या डोक्यावर!

मग फेस बसला. बुचात उरला एक थेंब. चिचुंद्रीने चाखला. कोमट! मिळमिळीत! बुडबुडा एकही नाही!

"काका, हा सोडा नाही!"

"आज एवढंच," काका म्हणाले. चष्मा पुसला. बाहेरच्या खोलीत गेले. खुर्चीत बसून पेपर वाचू लागले.

चिचुंद्री अशी संतापली, अशी संतापली! लिंबं कोणी आणली? चिचुंद्रीने. नाक कोणाचं लाल झालं? चिचुंद्रीचं. आणि सोडा? सोडा नाहीच!

"हा कुठला न्याय? बघतेच मी!"

लुटुलुटु, लुटुलुटु. चिचुंद्री गेली तोटीकडे.

"तोटीताई, तोटीताई, माझा सोडा मला मिळेना. तू सोडा दे ना!"

तोटीने नाक मुरडलं. "मी कशी देऊ? नळी कोमट सोडा पाठवते. कोमट आलं, की फेस होतो. आधी नळी गारठू दे, मग मी सोडा देते."

"हा कुठला न्याय? बघतेच मी!"

फ्रीजच्या दाराला होती एक फट. चिचुंद्री फटीतून आत शिरली. लुटुलुटु, लुटुलुटु. गेली नळीकडे.

"नळीबाई, नळीबाई,
तोटी सोडा देईना,
माझा सोडा मला मिळेना. तू गारठ ना!"

नळी वेटोळं करून पडली होती. म्हणाली, "मला काय सांगतेस? पिंपातून येतं, तेच मी पुढे पाठवते. आधी पिंप निवू दे, मग मी गारठते."

"हा कुठला न्याय? बघतेच मी!"

लुटुलुटु, लुटुलुटु. चिचुंद्री गेली पिंपाकडे.

"पिंपोबा, पिंपोबा,
नळी गारठेना,
तोटी सोडा देईना,
माझा सोडा मला मिळेना. तुम्ही निवा ना!"

पिंपोबांचं पोट गुडगुडत होतं. गुडगुड गुडगुड! "अगं, मला का हौस आहे? पोटात गरम गरम होतंय. बुडबुडे नुसते पळायला बघतायत. आधी फ्रीज थंडावू दे, मग मी निवतो."

"हा कुठला न्याय? बघतेच मी!"

लुटुलुटु, लुटुलुटु. चिचुंद्री बाहेर आली. फ्रीजच्या पुढ्यात उभी राहिली.

"फ्रीजराव, फ्रीजराव,
पिंप निवेना,
नळी गारठेना,
तोटी सोडा देईना,
माझा सोडा मला मिळेना. तुम्ही थंडावा ना!"

घुर्र घुर्र! फ्रीजरावांना धाप लागली होती. "सकाळपासून घुरघुरतोय मी! गारवा करतो, की तो पळतो बाहेर. करतो, की पळतो बाहेर. दमलो बाई! आधी दार मिटू दे, मग मी थंडावतो."

"हा कुठला न्याय? बघतेच मी!"

लुटुलुटु, लुटुलुटु. चिचुंद्री गेली दाराकडे.

"दारदादा, दारदादा,
फ्रीज थंडावेना,
पिंप निवेना,
नळी गारठेना,
तोटी सोडा देईना,
माझा सोडा मला मिळेना. तू मिट ना!"

"मी काय आळशी आहे?" दार करकरलं. "मिटायला जातो, तर मध्ये हार! हा बघ, हा बघ झेंडू चेमटलाय! आधी हार हलू दे, मग मी मिटतो."

आता हा हार आला कुठून?

त्या दिवशी होती खंडेनवमी. खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा करतात. मशीनचीही करतात. शशीकाकूंनी विळीला हळदकुंकू लावलं. शिलाईच्या मशीनला फूल वाहिलं. आणि सोड्याच्या फ्रीजला घातला झेंडूचा हार. जाडजूड! लांबलचक! हाराचं टोक अडकलं दारात. दाराला राहिली फट. कोणी पाहिलंच नाही!

"हा कुठला न्याय? बघतेच मी!"

चिचुंद्रीने मान वर केली. हार वर ऐटीत लटकत होता.

"हारबुवा, हारबुवा,
दार मिटेना,
फ्रीज थंडावेना,
पिंप निवेना,
नळी गारठेना,
तोटी सोडा देईना,
माझा सोडा मला मिळेना. तुम्ही हला ना!"

"मी? मी पूजेचा हार! आणि मला तू हलवणार? एवढुश्शी?" हारबुवा खो खो हसले. "मला काकूंनी घातलं. आधी काकू ऐकू देत, मग मी हलतो."

"हा कुठला न्याय? बघतेच मी!"

लुटुलुटु, लुटुलुटु. चिचुंद्री गेली स्वयंपाकघरात. काकू दसऱ्याचं श्रीखंड करत होत्या. घसर घसर चक्का गाळत होत्या.

"शशीकाकू, शशीकाकू,
हार हलेना,
दार मिटेना,
फ्रीज थंडावेना,
पिंप निवेना,
नळी गारठेना,
तोटी सोडा देईना,
माझा सोडा मला मिळेना. तुम्ही ऐका ना!"

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "ती मशीन कोणाची? ह्यांची! मशीनला नुसतं बोट लावलं, तरी हे ओरडतात. मी नाही जायची तिकडे. आधी काका उठू देत, मग मी ऐकते."

"हा कुठला न्याय? बघतेच मी!"

लुटुलुटु, लुटुलुटु. चिचुंद्री गेली बाहेरच्या खोलीत. काका पेपरामागे बसले होते. दिसत होते फक्त पाय.

"विनूकाका, विनूकाका,
काकू ऐकेनात,
हार हलेना,
दार मिटेना,
फ्रीज थंडावेना,
पिंप निवेना,
नळी गारठेना,
तोटी सोडा देईना,
माझा सोडा मला मिळेना. तुम्ही उठा ना!"

पेपर हललासुद्धा नाही. पेपरामागून काका म्हणाले, "तो हार कोणाचा? हिचा! पूजेच्या फुलाला नुसतं बोट लावलं, तरी ही ओरडते. मी नाही जायचा तिकडे. आधी काकू ऐकू देत, मग मी उठतो."

काय म्हणावं याला? काकू म्हणतात, आधी काका! काका म्हणतात, आधी काकू! आता चिचुंद्रीने जायचं कुठे? जायला कोणी उरलंच नाही!

चिचुंद्री गेलीच नाही. स्वयंपाकघर इकडे, बाहेरची खोली तिकडे, मध्ये दार. त्या दारात ती बसली. शेपूट पसरून. नाक वर करून. ठाण मांडून!

"मी हलणार नाही! सोडा मिळेपर्यंत हलणार नाही! चीं चीं चीं!
काका उठेनात,
काकू ऐकेनात,
हार हलेना,
दार मिटेना,
फ्रीज थंडावेना,
पिंप निवेना,
नळी गारठेना,
तोटी सोडा देईना,
माझा सोडा मला मिळेना!"

आणि तुम्हाला माहीत आहे का? चिचुंद्री चिडली, की तिच्या अंगाला वास येतो. थोडाथोडका नाही. घमघम घमघम!

वास गेला बाहेरच्या खोलीत. काका पेपर टाकून उठले. "शी शी शी!"

वास गेला स्वयंपाकघरात. काकू नाकाला पदर लावून आल्या. "शी शी शी!"

"झाडू आण गं! हाकल तिला!" काका म्हणाले.

"नाही हं! सणाच्या दिवशी चिचुंद्रीला हाकलत नाहीत. लक्ष्मी असते ती."

"लक्ष्मीला असा वास येतो?"

"चीं!" चिचुंद्री म्हणाली. "वासाचं नंतर बघा. आधी मी काय म्हणते ते बघा! काकू म्हणतात, काका ओरडतात. काका म्हणतात, काकू ओरडतात!"

काकूंनी काकांकडे पाहिलं. "मी ओरडते? कधी ओरडले हो?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. "आणि मी कधी ओरडलो?"

"हार सरकवू का, असं विचारलंत मला?"

"मशीनला हात लावू का, असं तू विचारलंस मला?"

कोणी कोणाला विचारलंच नव्हतं!

"बघा!" चिचुंद्री ओरडली. "विचारायचं तुम्ही नाही, आणि पळापळ करायची मी! हा कुठला न्याय?"

काकांनी मान खाली घातली. "सरकव बाई तो हार."

"सरकवते की," काकू म्हणाल्या.

काकूंनी हार काढला नाही. तोडला नाही. नुसता वर सरकवला. दोन बोटं! एवढंच काम होतं. फक्त दोन बोटं!

काका उठले, काकूंनी ऐकलं.
काकूंनी ऐकलं, हार हलला. सळ्ळ!
हार हलला, दार मिटलं. धप्प!
दार मिटलं, फ्रीज थंडावला. घुर्र घुर्र घुर्र!
फ्रीज थंडावला, पिंप निवलं. गुडगुड थांबली.
पिंप निवलं, नळी गारठली. हुडहुड हुडहुड!

सगळं लगेच नाही हं झालं. गार व्हायला वेळ लागतो. तोवर काकांनी काय केलं? उगाच फिरवलेली टाकीची चावी पुन्हा मागे फिरवली. तोवर चिचुंद्रीने काय केलं? तोटीखाली बसून राहिली. जेवायलासुद्धा उठली नाही.

मग काकांनी पेला धरला. तोटी दाबली.

सुर्रर्र!

फेस नाही! गार गार सोडा! बुडबुडेच बुडबुडे! काकांनी पेला उचलला, ओठांशी नेला आणि...

"चीं! पहिला घोट कोणाचा?"

काका दचकले. काकू हसल्या. "द्या तिचा तिला!"

काकांनी पेला खाली ठेवला. बूच धुतलं. काठोकाठ भरलं. थेंबभर लिंबू पिळलं. चिमूटभर मीठ घातलं. चिचुंद्रीपुढे ठेवलं, आणि म्हणाले, "घे बाई. तुझाच आहे."

चिचुंद्रीने तोंड लावलं. बुडबुडे चढले नाकात. लांब नाक! चढले, चढले, चढतच गेले!

फिच्च!

एवढुश्शी चिचुंद्री, पण केवढी मोठी शिंक! शिंकली, आणि पुन्हा प्यायली. गट गट गट. सगळा सोडा प्यायली.

बुचात थेंब उरला नाही, गोष्टीत शब्द उरला नाही!